चार्टर वैमानिकांचे कार्यजीवन : उड्डाणाचे तास आणि प्रतीक्षेचे तास
(सिन्नर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

सिन्नर हे नाशिकपासून सुमारे ३० कि.मी. अंतरावर, पुणे रस्त्यावर वसलेले तालुक्याचे गाव होय. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे ठिकाण आणि गोंदेश्वराचे मंदिर यांमुळे ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. विसाव्या शतकात विडी उद्योगाने आणि त्यानंतर मुसळगाव व माळेगाव येथील औद्योगिक वसाहतींनी या गावास नवी ओळख दिली. सिन्नरला स्वतःचा विमानतळ नाही. तथापि उत्तरेस ओझर आणि पूर्वेस शिर्डीजवळील काकडी अशा दोन विमानतळांच्या दरम्यान हा तालुका येतो. कारखान्याच्या कामासाठी वा देवदर्शनासाठी भाड्याच्या विमानाने येणारा प्रवासी या विमानतळांवर उतरतो, मोटारीने इच्छित स्थळी जातो आणि काम आटोपून परततो. त्याला घेऊन आलेला वैमानिक मात्र विमानाजवळच थांबतो. या थांबण्याचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वेळापत्रकानुसार चालणाऱ्या विमानसेवेस 'शेड्युल्ड' आणि ग्राहकाच्या मागणीनुसार चालणाऱ्या सेवेस 'नॉन-शेड्युल्ड' अशी संज्ञा सरकारी परिभाषेत रूढ आहे. दुसऱ्या प्रकारालाच सामान्य व्यवहारात चार्टर सेवा म्हणतात. भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासलेखनात मोठ्या कंपन्या, राष्ट्रीयीकरण आणि खासगीकरण यांची चर्चा विपुल आढळते; चार्टर वैमानिकाच्या दैनंदिन श्रमाकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. त्याच्या श्रमाचे मोजमाप उड्डाणाच्या तासांत करण्याची रीत सुरुवातीपासून पडली. प्रत्यक्षात त्याच्या कामाचा मोठा भाग जमिनीवरील सज्जतेत व प्रतीक्षेत जातो. या दोहोंतील अंतर हा केवळ वेतनाचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

श्रमाच्या मोजमापाचा स्थानिक संदर्भ

श्रम कशाने मोजावेत हा प्रश्न सिन्नरला नवा नाही. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. पाने भिजविणे, कात्रीने ती आकारात कापणे, तयार माल कारखान्यात नेऊन देणे व तो तपासून होईपर्यंत थांबणे या कामांना स्वतंत्र दर नसतो. ती हजारीच्या दरातच सामावलेली मानली जातात. विडी कामगारांच्या सेवाशर्तींसंबंधी १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला, त्यामागे घरी बसून होणारे व डोळ्यांआड राहणारे हे श्रम कायद्याच्या कक्षेत आणण्याचा हेतू होता.

विडी कामगार स्त्री आणि वैमानिक यांच्या उत्पन्नात व सामाजिक प्रतिष्ठेत कोणतीही तुलना संभवत नाही. साम्य आहे ते मोजमापाच्या पद्धतीत. दोन्ही ठिकाणी जे सहज मोजता येते त्यालाच काम मानले गेले आणि त्याच्या मागेपुढे लागणारा वेळ हिशेबाबाहेर राहिला.

प्रारंभीचा कालखंड : १९२८ ते १९४५

मुंबईत जुहू येथे १९२८ मध्ये नागरी विमानतळ सुरू झाला. याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातील माजी अधिकारी भारतात विमाने घेऊन आला. गावोगावी लोकांना हौसेची सफर घडविणे आणि मिळेल ते हवाई काम करणे हा त्याचा व्यवसाय होता. भाड्याने उड्डाण करणाऱ्या वैमानिकाचे हे भारतातील एक आरंभीचे रूप म्हणता येईल. पुढे त्याच्याच योजनेतून टाटांची टपाल विमानसेवा उभी राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले आणि तेथून पुढे मद्रासकडे व्हिन्सेंटने उड्डाण केले.

त्या काळातील वैमानिकास रेडिओचे साहाय्य नव्हते, धावपट्टीवर दिवे नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई, तेव्हा विमाने, वैमानिक आणि यांत्रिक हा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. हवामान निवळण्याची वाट पाहणे, इंधन भरून घेणे, टपालाच्या थैल्या तपासून घेणे ही कामे वैमानिक व मोजके सहकारीच करीत. उड्डाण आणि त्याची पूर्वतयारी यांत श्रमविभागणी झालेली नव्हती. पुढे मोठ्या कंपन्यांत ही विभागणी झाली. चार्टर वैमानिकाच्या बाबतीत मात्र ही जुनी स्थिती बऱ्याच अंशी टिकून राहिली, ही बाब लक्षणीय आहे.

डाकोटांचा काळ आणि राष्ट्रीयीकरण

दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याची डाकोटा विमाने मोठ्या संख्येने अतिरिक्त ठरली व स्वस्तात विकली गेली. त्यामुळे अल्पावधीत अनेक विमान कंपन्या निघाल्या. फाळणीच्या काळात निर्वासितांची वाहतूक करण्यासाठी आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य पोहोचविण्यासाठी खासगी कंपन्यांची विमानेही वापरण्यात आली. अशा कामांना वेळापत्रक नव्हते. बोलावणे येताच निघणे व काम संपेपर्यंत उडत राहणे हाच नियम होता.

या संदर्भात रात्रीच्या टपाल विमानांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. मोठ्या कंपन्यांनी योजनेबाबत प्रतिकूल मत दिले असता सरकारने हे काम हिमालयन एव्हिएशनसारख्या लहान कंपन्यांकडे सोपविले. देशाला सकाळी पत्र मिळावे म्हणून काही माणसांनी रोज रात्र जागून काढावी, अशी ही व्यवस्था होती. दोन उड्डाणांमधील नागपूरचा मुक्काम हा विश्रांतीचा नव्हता आणि उड्डाणाचाही नव्हता.

कंपन्यांची संख्या वाढली तरी प्रवासी व माल त्या प्रमाणात वाढले नाहीत. न्यायमूर्ती गं. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील १९५० च्या चौकशी समितीने गरजेपेक्षा अधिक कंपन्यांना परवाने दिले गेल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर १९५३ च्या कायद्याने आठ कंपन्यांचे विलीनीकरण होऊन १ ऑगस्ट १९५३ रोजी इंडियन एअरलाइन्सचा कारभार सुरू झाला. वेळापत्रकाची सेवा सरकारी महामंडळांकडे गेली. मागणीनुसार होणारी किरकोळ वाहतूक तेवढी खासगी व्यावसायिकांकडे उरली. महामंडळातील वैमानिकास संघटना, सेवानियम व ठरलेली ड्यूटी मिळाली. त्या चौकटीबाहेर राहिलेल्या वैमानिकाचे कार्यजीवन मालकाच्या व ग्राहकाच्या सोयीवर अवलंबून राहिले. आज दिसणाऱ्या दरीचा आरंभ येथे शोधता येतो.

एअर टॅक्सी धोरण आणि चार्टर व्यवसायाचे पुनरुज्जीवन

फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे समुद्रात तेल सापडले आणि जुहूला नवे काम मिळाले. तेलफलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी हेलिकॉप्टरची गरज निर्माण झाली. १५ ऑक्टोबर १९८५ रोजी स्थापन झालेल्या व पुढे पवनहंस या नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी कंपनीचे ते एक प्रमुख काम ठरले. या क्षेत्रातील करारांत सामान्यतः दरमहाचा ठरावीक आकार आणि उड्डाणाच्या तासाचा आकार असे दोन भाग असतात. म्हणजे हेलिकॉप्टर उडाले नाही तरी ते सज्ज ठेवण्याचे मोल ग्राहक मान्य करतो. सज्जता हीसुद्धा सेवा आहे, हे तत्त्व यंत्राच्या बाबतीत तरी व्यवहाराने स्वीकारले.

१९८६ मध्ये एअर टॅक्सीचे धोरण आले आणि १९९० नंतर ते अधिक उदार झाले. त्याच्या आधारे सुरू झालेल्या काही कंपन्या पुढे पूर्ण विमान कंपन्या बनल्या. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाल्यावर वेळापत्रकाची सेवाही खासगी क्षेत्रास खुली झाली. तेव्हापासून चार्टर सेवा हे उद्योजक, राजकीय नेते, चित्रपट व्यावसायिक, रुग्ण आणि यात्रेकरू यांच्यासाठी चालणारे स्वतंत्र क्षेत्र बनले. १९६४ मध्ये मिग विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ओझर येथे कारखाना सुरू केला होता. त्याच विमानतळावर २०१४ मध्ये प्रवासी इमारत उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. सिन्नर परिसर अशा रीतीने या व्यवसायाच्या नकाशावर आला.

चार्टर वैमानिकाचा कामाचा दिवस

मुंबईहून सकाळी निघून सायंकाळी परतणाऱ्या एका सर्वसाधारण फेरीचा विचार केल्यास कामाचे स्वरूप स्पष्ट होते. मुंबई ते नाशिक हे हवाई अंतर इतके थोडे आहे की, जेट विमानाचा प्रत्यक्ष आकाशातील वेळ अर्ध्या तासाच्या आसपास भरतो. जाऊन येऊन उड्डाणपुस्तिकेत फार तर तास-सव्वा तासाची नोंद होते. परंतु त्यासाठी वैमानिकास प्रस्थानाच्या पुष्कळ आधी हजर राहावे लागते. हवामानाचा अहवाल, उड्डाणाचा आराखडा, हवाई संरक्षण विभागाची मंजुरी, विमानतळाचा उतरण्याचा वेळ, इंधन, वजनाचा व समतोलाचा हिशेब, प्रवाशांचे सामान व खानपान या गोष्टी मोठ्या कंपनीत निरनिराळे विभाग पाहतात. चार्टर सेवेत त्यांतील बहुतेकांची शहानिशा दोन वैमानिकांनाच करावी लागते.

विमान उतरल्यावर प्रतीक्षा सुरू होते. प्रवाशाची बैठक दोन तासांत संपेल असे सांगितलेले असते. ती पाच तास चालते. दर्शनाची रांग लांबते, जेवणाचा आग्रह होतो, रस्त्यात वाहतूक अडते. दरम्यान विमानतळाच्या कामकाजाची वेळ संपत येते. काकडी येथे रात्रीच्या उड्डाणांची सोय होण्यास २०२५ साल उजाडावे लागले. तोपर्यंत सूर्यास्त ही तेथील अटळ मर्यादा होती. मुंबईला परतताना गर्दीच्या वेळी लहान विमानांवर निर्बंध असतात आणि विमान उभे करण्यास जागा मिळेलच असे नाही. अशा वेळी प्रवाशांना उतरवून रिकामे विमान दुसऱ्या गावी नेऊन ठेवावे लागते. प्रवाशाचा प्रवास संपतो, वैमानिकाचे काम संपत नाही.

सुटीच्या दिवसाचे स्वरूपही वेगळे असते. उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य असावे असा भारतीय नियम आहे आणि उड्डाणाआधी श्वासचाचणी होते. विमान कंपनीच्या वैमानिकास आपली ड्यूटी आधीच माहीत असल्याने हा नियम पाळणे सोपे जाते. ज्याला केव्हाही बोलावणे येऊ शकते त्याच्या बाबतीत हा नियम व्यवहारात सर्वकाळ लागू होतो. सणवार, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा यांचे नियोजन दूरध्वनीच्या भरवशावर ठेवावे लागते. निवडणुकीच्या हंगामात तर एका दिवसात अनेक सभास्थळे गाठायची असतात आणि नेत्याचे भाषण किती लांबेल हे कोणीच सांगू शकत नाही.

या जीवनात समाधानाच्या जागा नाहीत असे नव्हे. लहान धावपट्ट्यांचे ज्ञान, स्वतः निर्णय घेण्याची सवय, सहवैमानिकाशी जुळलेले सूर आणि एखाद्या अत्यवस्थ रुग्णास वेळेत पोहोचविल्याचे समाधान यांमुळे अनेक वैमानिक हेच क्षेत्र पसंत करतात. तथापि वैमानिकाची व्यावसायिक पत ठरते ती उड्डाणपुस्तिकेतील तासांवरून. पाच वर्षे चार्टर सेवेत घालविलेल्या वैमानिकाचे तास मोठ्या कंपनीतील समवयस्कापेक्षा पुष्कळ कमी भरतात. ग्राहकाच्या बिलात थांबण्याचा आकार व रात्रीच्या मुक्कामाचा आकार स्वतंत्र लिहिलेला असतो. उड्डाणपुस्तिकेत त्या वेळेसाठी रकानाच नाही.

नियमांची वाटचाल आणि थकव्याचा प्रश्न

भारताच्या १९३७ च्या विमान नियमावलीतील नियम '४२ अ' प्रमाणे सलग ३० दिवसांत वैमानिकाने १२५ तासांहून अधिक उड्डाण करू नये असे बंधन होते. चार्टर वैमानिक या मर्यादेच्या जवळपासही क्वचितच पोहोचतो. त्यामुळे कागदोपत्री तो नेहमीच ताजातवाना दिसतो. केवळ उड्डाणाचे तास मोजणाऱ्या नियमाची ही मूलभूत उणीव होय.

अन्य देशांतही हीच अडचण होती. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात सुटीच्या चार्टर विमानांचा व्यवसाय फोफावला. १९७३ मध्ये डग्लस बेडर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वैमानिकांच्या थकव्याचा विचार केला आणि त्यातून उड्डाणाऐवजी संपूर्ण ड्यूटीवर मर्यादा घालणारी नियमावली १९७५ मध्ये तयार झाली. अमेरिकेतील उदाहरण अधिक बोलके आहे. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्युबातील ग्वांतानामो येथे एक भाड्याचे मालवाहू डीसी-८ विमान उतरताना कोसळले. तिन्ही कर्मचारी बचावले. त्यांचे त्या दिवसाचे उड्डाण सुमारे ९ तासांचे होते, पण ड्यूटी सुमारे १८ तासांची झाली होती आणि कॅप्टन त्याहूनही अधिक काळ जागा होता. रात्रभराचे काम आटोपल्यावर त्यांना अनपेक्षितपणे ही नवी फेरी देण्यात आली होती. अमेरिकी तपास मंडळाने थकवा हे अपघाताचे संभाव्य कारण म्हणून नोंदविले. त्या मंडळाने असे करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पुढे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने, सलग १७ तास जागलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी घसरते, असे दाखविले. श्वासचाचणीत उत्तीर्ण झालेला वैमानिकही जागरणाने त्याच अवस्थेस पोहोचू शकतो, हा त्याचा अर्थ होय.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०११ मध्ये विस्तृत नियम जारी केले. त्यांत हजर होण्याच्या क्षणापासून ड्यूटीची गणना, सात दिवसांत ६० व २८ दिवसांत १९० तासांची एकूण ड्यूटी-मर्यादा, राखीव ड्यूटी आणि विश्रांती यांचा समावेश झाला. प्रतीक्षेला कायद्यात प्रथमच नाव मिळाले. मात्र दोन उड्डाणांत दीर्घ खंड असल्यास त्या खंडाच्या काही अंशाने दिवसाची मर्यादा वाढविता येते. निवांत खोलीत घेतलेली विश्रांती आणि लहान विमानतळावरील खुर्चीत वा तापलेल्या विमानाच्या सावलीत काढलेले तास यांत शरीर फरक करते. कागद तो करीलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांनी साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. त्यांची अंमलबजावणी २०२५ मध्ये दोन टप्प्यांत झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीची असंख्य उड्डाणे रद्द झाल्यावर वैमानिकांचा थकवा घराघरांत चर्चेचा विषय बनला. त्या चर्चेचा केंद्रबिंदू वेळापत्रकाच्या सेवेपुरता मर्यादित राहिला, कारण चार्टर उड्डाण लांबल्यास त्याचा फटका विमानतळावरील हजारो प्रवाशांना बसत नाही.

थकव्याच्या जोडीने प्रवाशाच्या दबावाचाही विचार करावा लागतो. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांना घेऊन जाणारे लहान विमान मैनपुरीजवळ कोसळले, तर २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर अपघातग्रस्त झाले. दोन्ही दुर्घटना खराब हवामानात घडल्या. त्यांची कारणे भिन्न असली तरी अशा उड्डाणांचे एक सामाईक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. मोठ्या विमानातील कॅप्टन प्रवाशांना पाहतही नाही. लहान विमानात प्रवासी त्याच्या पाठीशीच बसलेला असतो आणि बहुधा तोच मालक, मालकाचा पाहुणा अथवा सत्ताधारी असतो. दिवसभर थांबून शिणलेल्या वैमानिकाने सायंकाळी अशा व्यक्तीस 'आज निघता येणार नाही' असे सांगणे, ही या व्यवसायातील सर्वांत अवघड जबाबदारी होय. नियम त्याला तो अधिकार देतात. तो वापरण्याचे बळ त्याच्या नोकरीच्या सुरक्षिततेतून यावे लागते.

समारोप

१९३२ च्या टपाल विमानापासून आजच्या जेट विमानापर्यंत यंत्रे पूर्णपणे बदलली, परंतु मागणीनुसार उडणाऱ्या वैमानिकाच्या दिवसाची घडण फारशी बदललेली नाही. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाने वैमानिकांचे दोन वर्ग निर्माण झाले आणि १९९४ नंतरही ते भेद टिकले. कायद्याने प्रथम उड्डाणाचे तास मोजले, नंतर ड्यूटीचे तास मोजले. प्रतीक्षेचा दर्जा मोजणे अद्याप बाकी आहे.

त्यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. ओझर व काकडीसारख्या विमानतळांवर चार्टर कर्मचाऱ्यांसाठी शांत विश्रांतिगृह असणे, थांबण्याच्या वेळेची व ठिकाणाची ड्यूटी नोंदवहीत सक्तीने नोंद होणे आणि ग्राहकाशी होणाऱ्या करारातच परतीची अंतिम वेळ निश्चित असणे, एवढ्या उपायांनीही पुष्कळ फरक पडू शकेल. २०२७ मधील नाशिकच्या सिंहस्थात या परिसरातील विशेष उड्डाणे वाढण्याची शक्यता लक्षात घेता हा विचार आताच होणे इष्ट आहे. अभ्यासाच्या दृष्टीने पाहता, विडी कामगारांचे न मोजलेले तास ज्या जिज्ञासेने नोंदविले गेले, त्याच जिज्ञासेने सेवा क्षेत्रातील प्रतीक्षेच्या श्रमांची नोंद करणे हे इतिहास, अर्थशास्त्र व मानसशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना संयुक्तपणे हाती घेता येण्याजोगे काम आहे. वैमानिक, रुग्णवाहिकेचा चालक, पाहुण्यांसाठी मोटार घेऊन थांबलेला वाहनचालक हे सारे एकाच प्रश्नाची उदाहरणे आहेत. जो थांबतो तो काम करीत असतो, हे मान्य केल्याशिवाय त्याच्या थकव्याचा हिशेब लागणार नाही; आणि तो हिशेब चुकला तर त्याची किंमत विमानात बसलेल्या सर्वांनाच मोजावी लागते.